वरचा ट्रे, खालचा ट्रे

प्रिंटची खिडकी कुणी वाचत नाही. माणूस प्रिंटचं बटण दाबतो, खिडकी समोर येते, तो घाईघाईने ओके करतो आणि कागद चुकीचा आला की प्रिंटरला शिव्या घालतो. मी गेली कित्येक वर्षं नाशकात दुकानदारांना, दवाखान्यांना, पतसंस्थांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून देतोय, आणि या एका खिडकीवरून जेवढी डोकेफोड झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाही. बेरीज चुकली तर लोक समजून घेतात. कागद चुकीचा आला की घरी फोन करतात.

मागच्या आठवड्यात असाच फोन आला, गंगापूर रोडकडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून. त्यांनी नवे कॉम्प्युटर घेतलेत आणि त्यांवर माझी खिडकी अर्धीच दिसते, खालची बटणं कापली जातात. "सर, बघता का जरा?" मी बघतो म्हणालो. बायको गेल्यापासून कुणी काहीही सांगितलं की मी बघतो म्हणतो. करायची हौस असते असं नाही. नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो, तो कुठून आणायचा?

तर तो जुना प्रोग्रॅम उघडून बसलो. ही खिडकी मी त्या लॅबसाठी मुद्दाम बनवली होती. एरवी विंडोजची तयार खिडकी येते. कुठला प्रिंटर, कुठली पानं, किती प्रती, एवढं ती विचारते. कागद कुठल्या ट्रेमधून घ्यायचा हे मात्र 'प्रॉपर्टीज' नावाच्या बटणामागे कुठेतरी आत दडवलेलं असतं. लॅबच्या प्रिंटरला दोन ट्रे होते. वरच्यात लॅबचं नाव छापलेला जाड, गुळगुळीत कागद आणि खालच्यात साधा पांढरा. काउंटरवरच्या बाईंना दिवसभर कधी हा लागायचा, कधी तो, आणि समोर माणसांची गर्दी. मग व्हायचा तो घोळ व्हायचाच. लॅबचे डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या प्रोग्रॅमला एवढं साधं कळत नाही?" प्रोग्रॅमला काय कळणार? त्याला मीच कळवायचं असतं.

मी बाईंना विचारलं, साधा कागद मुळात लागतोच कशाला? त्यांनी बाकांवर बसलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गाठीचे रिपोर्ट असतात ना सर, त्यांच्यासाठी. चांगला असला की थेट छापील कागदावर काढून देतो. वाईट असला की आधी साध्यावर काढायचा आणि आत डॉक्टरांना द्यायचा. ते परत स्लाइड बघतात, पेनाने काय बदलायचं ते बदलतात, कधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करतात. मग छापील. छापील कागदावर चूक गेली तर माणूस तीच धरून बसतो हो."

मी मान डोलावली. मला तेव्हा एवढंच दिसलं, की खिडकीत दोन पर्याय हवेत आणि ते मोठ्या अक्षरांत हवेत. दुसऱ्याचं दुखणं कामाच्या डोळ्यांनी बघितलं की त्याचं कामच होऊन जातं.

तयार खिडकीत बदल करणं किचकट असतं. विंडोज आपल्या खिडकीत सहजी कुणाला हात घालू देत नाही. कोपऱ्यात थोडी जागा मागून घ्यायची, तिथे आपले पर्याय बसवायचे आणि त्यांतलं जे निवडलं ते प्रिंटरपर्यंत खरंच पोचतंय ना, हे पुन्हा पुन्हा छापून बघायचं. लॅबमध्ये ते जमेना, म्हणून त्यांच्याकडचा तसलाच जादा प्रिंटर मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आता जेवायचं कुठे? तुमच्या प्रॉपर्टीजमध्ये?"

ती प्राथमिक शाळेत शिकवायची. कॉम्प्युटरचा तिला मनापासून राग होता, म्हणून मी प्रत्येक नवी खिडकी आधी तिला दाखवायचो. तिला कळली म्हणजे जगात कुणालाही कळेल. मी पर्यायांना 'लेटरहेड' आणि 'प्लेन पेपर' अशी नावं दिली होती, आणि कुठला कागद कधी लागतो तेही तिला सांगितलं होतं. तिने हात पुसत पुसत स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "गर्दीत एवढं कोण वाचत बसणार? पक्की प्रत आणि कच्ची प्रत असं लिहा." मी तसं लिहिलं.

मग प्रश्न आला, खिडकी उघडताना खूण आधीपासून कशावर असावी. मी म्हणालो कच्चीवर, म्हणजे चुकून कुणी ओके दाबलं तरी साधाच कागद वाया जाईल. तिला ते पटलं नाही.

"पक्कीवर ठेवा. रिपोर्ट चांगलाच असणार असं धरून चालायला तुमचं काय जातं?"

"कागद जातो."

"जाऊ दे."

वाद घालायचा मला कंटाळा आला होता, म्हणून पक्कीवर ठेवली. म्हणजे पक्की काढायची तर एकच क्लिक, ओके. कच्ची काढायची तर आधी खूण बदलायला एक आणि मग ओकेला दुसरा.

तो प्रिंटर आमच्या टेबलावर चांगला मुक्काम ठोकून होता. वरचा ट्रे कागद गुपचूप ओढायचा. खालचा मात्र आधी घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा, मग कागद उचलायचा. मी छापत बसायचो आणि ती ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता, मागे न बघता ओरडायची, "वरचा!" किंवा "खालचा!" कधी चुकली नाही. मला मात्र कागद हातात घेऊन बघावं लागायचं. यावरून तिने माझी पुष्कळ फिरकी घेतली. ओझरला माहेरी गेली तेव्हा भावाला सांगत होती, की जावई कॉम्प्युटरवाले आहेत पण मशीन ऐकायला बायको लागते.

खिडकी चालू लागली. लॅबची तक्रार बंद झाली आणि मी ते काम विसरलो.

मग तिच्या गळ्याशी गाठ आली. आधी आम्ही सर्दीची म्हटलं, मग दाताची. सर्जनने तुकडा काढला आणि तपासायला त्याच लॅबमध्ये पाठवला. मला बरंच वाटलं. ओळखीची जागा आहे, ताटकळत ठेवणार नाहीत, असा माझा हिशेब.

रिपोर्ट आणायला निघताना तिने चपला घालता घालता मला थांबवलं. "एक ऐका. मला त्या लॅबच्या डॉक्टरांच्या तोंडून नको. तुम्हीच सांगता ना, ते आधी पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि मग बोलतात. तुम्हाला काय ते कळलं, की तुम्हीच सांगा. लगेच सांगा, घरी गेल्यावर नाही."

मी हो म्हणालो. मग स्कूटर चालवताना सगळा वेळ मी मनात वाक्यं जुळवत होतो. चांगल्या रिपोर्टसाठी एकही जुळवलं नाही, ते काय आपोआप आलं असतं. वाईटासाठी मात्र एकेक करून बघितलं, आणि कुठलंच माझ्या तोंडचं वाटेना.

लॅबमध्ये बाकं भरलेली होती. आमच्या शेजारी हरसूलकडचे एक म्हातारे बाबा बसले होते. ते सारखे उठून काउंटरशी जायचे. "आमचा कागुद आला नाय का बाई? लय येळ झाला. गाडी निघून जाईल मंग." बाईंनी त्यांची पावती बघितली, स्क्रीनवर शोधलं आणि क्लिक केलं. एकच क्लिक. प्रिंटरने गुपचूप जाड कागद ओढला. बाबांनी तो दोन घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि ते गाडीला पळाले. बायको त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघून हसली.

नंतर बाईंनी आम्हाला हाक मारली. एरवी फोनवर त्या हिला मॅडम म्हणायच्या, त्या दिवशी वहिनी म्हणाल्या. मी पावती दिली. त्यांनी स्क्रीनवर वाचलं आणि त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. "बसा ना सर, काढतेच." आम्ही परत बाकावर येऊन बसलो. स्क्रीनची पाठ आमच्याकडे होती, पण पलीकडे काय उघडलंय ते मला न बघता दिसत होतं. ती खिडकी माझीच होती.

एक क्लिक झाला. प्रिंटर हलला नाही. मग दुसरा झाला.

मग प्रिंटरने घसा खाकरला.

बाई कागद उलटा धरून उठल्या आणि आतल्या दाराकडे गेल्या. माझ्याजवळ आता सांगण्यासारखं होतं आणि लगेच सांगायचं कबूल केलं होतं. मी तोंड उघडलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. दात काढताना भूल देतात, मग आपण जिभेने चाचपत बसतो की आपलं तोंड जागेवर आहे का, तसा मी बसून होतो. समोर भिंतीवर साखर तपासण्याच्या आधी काय खाऊ नये याचा तक्ता लावला होता. तो मी वरपासून खालपर्यंत वाचला. ती ऐकायला बसली आहे, आणि मी सांगत नाहीये, एवढं मला समजत होतं.

"खालचा," ती म्हणाली.

ओट्यापाशी असताना म्हणायची तशीच, माझ्याकडे न बघता. फक्त ओरडून नाही.

मी म्हणालो, "हो."

तिला माझ्या तोंडून जे ऐकायचं होतं ते एवढंच निघालं. तिने मान हलवली. प्रिंटर पुन्हा शांत झाला होता, हिरवा दिवा तेवढा लागलेला. मग तिने पदर सारखा केला आणि ती उठली.

"चला, चहा घेऊन येऊ. पक्की निघायला अजून वेळ लागेल."

मी तिची पर्स उचलली आणि तिच्या मागे निघालो.