कोहक्यातला हॉल रिकामा केला तेव्हा

त्या डिसेंबरात निवडणुकीचा निकाल लागला आणि दोनच दिवसांनी दक्षिणेकडच्या एका गावात एका जमातीच्या लोकांनी दुसरीची घरं पेटवली. मतं कुणाला दिली यावरून. सात कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी भिलाईला आली, कारण त्यांच्यातल्या एकाचा भाऊ रसमड्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने हात जोडले आणि आमच्या मराठी मंडळाने भिलाईतल्याच कोहक्यातला आपला हॉल उघडून दिला.

मंडळाच्या बायकांचं सगळं मी पाहायची. नवरा स्टील प्लांटमधून रिटायर, मुलं पुण्याला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. पहिला आठवडा आम्ही नुसत्या धावत होतो. पोहे, खिचडी, जुने कपडे. त्या ढिगात कुणीतरी जरीचा घागराही टाकला होता. तिशीतली एक बाई तो उलटसुलट करून पाहत राहिली, मग घडी घालून तिने तो सासूच्या डोक्याखाली सरकवला. तिच्या बोटावर मतदानाची शाई होती. माझ्याही होती.

ती मला दीदी म्हणायची.

जानेवारी लागला तशी कुरकुर सुरू झाली. संडास तुंबला, शेजारचे भांडायला आले, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं. बैठकीत अध्यक्षांनी मलाच विचारलं, "वहिनी, कार्यक्रम तुमचा आहे. तुमी म्हणसान तं कोणाच्या घरी करू, हॉल राहू देऊ यायले."

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या.

"दरवर्षी हॉलमध्येच होते नं," मी म्हणाले.

मंडळाने सरकारी ऑफिसात कळवलं आणि चार दिवसांत सरकारी बस आली. बसबरोबर आलेले साहेब म्हणाले, गावात आता शांतता आहे. बाकीचे मुकाट्याने चढले. ती मात्र सासूचा दंड धरून पायरीशी थांबली.

"दीदी, आप बोल दो ना साहब को. घर तो जल गया. किधर रहेंगे?"

वरच्या खोल्या मला त्या क्षणी आठवल्या. खोटं कशाला सांगू, आठवल्या.

"साहब हैं ना," मी म्हणाले. "सब ठीक हो जाएगा."

हळदीकुंकू छान झालं. हॉल दोनदा फिनाईलने धुऊन घेतला होता.

महिन्याभराने कळलं की गावाच्या वेशीवरच त्यांना अडवलं होतं. बस त्यांना रस्त्यातच उतरवून परत गेली. कसेबसे परतून आता ते रसमड्याला, त्या भावाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि चार ब्लँकेटं घेऊन गेले.

ती भांडी घासत होती. मला पाहून उठली, पण दीदी म्हणाली नाही.

"अम्मा कहाँ है?" मी विचारलं.

"रास्ते में ही गई. ठंड में. चौथे दिन."

मी ब्लँकेट पुढे केलं. तिने हात पुसले, पण घेतलं नाही. "उधर बच्चे वाले हैं, उनको दे दो," म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. मी शेडमध्ये जाऊन चारही ब्लँकेटं वाटली. लोकांनी मला नमस्कार केले. तेच सगळ्यात वाईट होतं.

परतताना नवरा म्हणाला, "कावून रडून राहिली? आपण केलं नं जेवढं झालं तेवढं."

त्याला बैठकीतलं ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्या उन्हाळ्यात वरच्या खोल्या आम्ही प्लांटमधल्या एका इंजिनिअरला भाड्याने दिल्या.