ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचं नाव

नाट्यविभागाच्या मागच्या अंगाला जी शिवणखोली आहे, तिथं डोमितिला आरेगीनचा शब्द चालतो. खोलीत कपडे चढवायचे तीन पुतळे आहेत, तिघांनाही डोकं नाही. नवीन मुलं आली की डोमितिला ओळख करून देते, "हे आपले डीनसाहेब. डोकं नाही, पण उभे राहतात छान." मुलं हसतात, मग एकदम गप्प होऊन दाराकडे बघतात. ती मात्र ओठांत टाचण्या धरून पुन्हा घागऱ्याच्या घेराला लागलेली असते. विद्यापीठातल्या मुली लोकनृत्याला जे घागरे नेसतात, फितींच्या रांगांचे, गिरकी घेतली की थाळीसारखे उघडणारे, ते सगळे तिच्या हातचे.

शिवण ती भावाच्या अंगावर शिकली. आई आणि दोन पोरं सीमेवरची नदी ओलांडून टेक्सासमध्ये आली तेव्हा डोमितिला लहान होती आणि लासारो मिसरूड फुटायच्या बेतात होता. आई कांद्याच्या शेतात जायची, लासारो गवंड्यांच्या हाताखाली विटा उचलायचा. बंद पडलेल्या एका धोब्याच्या दुकानातून त्यानं बहिणीसाठी शिवणयंत्र उचलून आणलं, खांद्यावरून, उन्हातून. पुतळा कुठून आणणार? मग कामावरून आला की तोच हात पसरून उभा राहायचा आणि ती त्याच्यावर सदरे बेतायची. टाचणी टोचली की म्हणायचा, "रक्त आलं तर शिलाई फुकट हं."

पुढं तो स्वतः गवंडी झाला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या लाल विटांच्या रुंद पायऱ्या त्यानं बांधल्या. पायऱ्या पुऱ्या झाल्या आणि वरच्या कमानीचं काम सुरू असताना परांची मोडली, लासारो गेला. कंत्राटदाराच्या माणसांनी लिहून टाकलं, पाय घसरला. पाय घसरायला पायाखाली काहीतरी असावं लागतं, असं आई पुढं मरेपर्यंत म्हणत राहिली. इमारतीचं उद्घाटन झालं, दगडावर नावं कोरली गेली, कंत्राटदाराचं, आर्किटेक्टचं, त्या वेळच्या अध्यक्षांचं. लासारोचं नाव कुठं यायचा प्रश्नच नव्हता.

काही वर्षांनी डोमितिला त्याच विद्यापीठात कामाला लागली. लोकांनी नवल केलं. ती म्हणाली, "पायऱ्या त्यानं बांधल्या. मी नाही चढायच्या तर कुणी?"

खानावळीत तेव्हा निएवेस होती. शेजारीण, कांद्याच्या रानातली जुनी सोबतीण. निएवेसला मुलगी झाली, यादिरा, आणि बाप्तिस्म्याला ती पोर डोमितिलानं हातांवर धरली. पोर अशी धरली की तुम्ही तिची माद्रिना होता, म्हणजे देवासमोर दुसरी आई, आणि तिची आई होते तुमची कोमाद्रे. हे नातं रक्ताचं नाही, बोलण्याचं आहे, आणि दिलेला शब्द परत घ्यायची सोय आमच्यात नाही. डोमितिलाला मूलबाळ झालं नाही. यादिराचा पहिला फ्रॉक, पंधराव्या वर्षाचा जांभळा झगा, पदवीचा गाऊन उंचीला कमी करणं, सगळं तिनं केलं.

सप्टेंबरच्या पंधरा तारखेचा, मायदेशाच्या स्वातंत्र्याचा सोहळा ही मूळ निएवेसची कल्पना. तेव्हा खानावळीत, बागेत, संडास धुताना स्पॅनिश बोलायची तर दबक्या आवाजात. निएवेस म्हणाली, "वर्षातून एक संध्याकाळ मोठ्यानं बोलू या. काढून टाकलं तर सगळ्यांनाच टाकावं लागेल, मग भांडी कोण घासेल?" ग्रितोशिवाय, म्हणजे पुकाऱ्याशिवाय, ती संध्याकाळ होत नाही. उंच जागी उभं राहून कुणीतरी स्वातंत्र्याच्या वीरांची एकेक नाव पुकारायचं आणि खालच्यांनी दर नावाला 'वीवा' म्हणून गर्जायचं. जगू दे, अमर राहू दे. पुकारणार होते बागकाम करणारे वडीलधारे डॉन एवारिस्तो, पण सकाळीच त्यांचा घसा बसला. निएवेसनं डोमितिलाला कोपरानं पायऱ्यांवर ढकललं. "आवाज तुझाच मोठा. माझ्या नवऱ्याला तू हाक मारतेस तर कुत्री भुंकतात."

डोमितिला वर चढली. पहिलं नाव पुकारलं. दुसरं पुकारलं. तिसऱ्याला पाटी कोरी. शाळेत पाठ केलेले सगळे वीर पळून गेले होते, समोर माणसं तोंड उघडून थांबलेली, पायाखाली लाल विटा. तिच्या तोंडून निघालं, "वीवा लासारो आरेगीन."

आणि खालून गर्जना आली, "वीवा." कोण हा लासारो, असं कुणी विचारलं नाही. ग्रितोला उत्तर विचार करून देत नाहीत, ते आपसूक येतं, शिंकेसारखं. डोमितिलाच्या मेलेल्या भावाला एवढ्या माणसांनी 'जग' म्हटलं होतं, आणि तेही तिथंच.

दुसऱ्या वर्षापासून माणसं आधी येऊन सांगू लागली. माझी आई गेली, तिचंही घे. रात्रपाळीचा बेनिग्नो गेला, त्याचं घे. वीर संपले की डोमितिला आपल्यातल्यांची नावं घ्यायची, शेवटी लासारोचं. वर्षभर ती वाट कशाची बघायची असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, त्या एका श्वासाची.

वर्षं गेली. सोहळा विद्यापीठानं अंगावर घेतला. महिनाभराचे कार्यक्रम, फलक, टी-शर्ट, अध्यक्षांचं भाषण. आता त्यासाठी एक कार्यालयच झालं, सांस्कृतिक वैविध्याचं, आणि यंदा त्याची प्रमुख म्हणून यादिराची नेमणूक झाली. डोमितिलानं शिवणखोलीत सगळ्यांना गोड पाव वाटले. बिनडोक्या पुतळ्यांपैकी एकाच्या गळ्यात फीत बांधून ती म्हणाली, "डीनसाहेब, आता सांभाळून. आमची पोर वरती बसलीय."

ऑगस्टच्या अखेरीला यादिरा खोलीत आली. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र.

"माद्रिना, यंदा आपल्या देशाचे कॉन्सुल येतायत. ग्रितो ते देणार."

डोमितिलानं कात्री खाली ठेवली. "बरं. मोठी माणसं. आणि मग मी?"

"त्यांच्यानंतर तुम्ही. नावं तुम्हीच घ्यायची."

"लासारोचं?"

"घ्याल ना. असं काय विचारता मला?"

मग यादिरानं लहानपणापासूनच्या सवयीनं मान वाकवली, आणि डोमितिलानं तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. आशीर्वाद घेता घेता कुणी खोटं बोलत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर डोमितिलानं चार ठिकाणी खात्री करून घेतली असती. पोटची नसली तरी हातांवर धरलेली पोर. तिची खात्री कुणाकडं करून घ्यायची?

पंधरा तारखेला निएवेस सकाळी घरी आली. डोमितिलाच्या पांढऱ्या वेणीत तिनं हिरवी, पांढरी, लाल फीत गुंफली. एरवी फीत गुंफताना निएवेसचं तोंड बंद राहत नाही. त्या दिवशी ती हवेबद्दल बोलली. उकडतंय म्हणाली, आणि पुन्हा, उकडतंय.

संध्याकाळी ओकच्या झाडांवर काळ्या पक्ष्यांनी नेहमीसारखा गोंधळ मांडला होता. पुढच्या रांगेत डोमितिलाच्या नावाची खुर्ची होती, शेजारी निएवेस. पायऱ्यांवर गालिचा अंथरला होता, विटा दिसत नव्हत्या. ग्रंथालयाच्या दारावर आतल्या नव्या वाचनकक्षाची पितळी पाटी लागली होती. देणगी कुणाची ते डोमितिलानं वाचलं. आडनाव ओळखीचं होतं. दगडावर कोरलेलं होतं तेच, कंत्राटदाराचं. तिनं स्वतःला समजावलं, मुलांनी बापाच्या नावानं पुस्तकांना खोली दिली, वाईट काय त्यात.

कॉन्सुल सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एकही वीर न विसरता पुकारला. लोक गर्जले. मग "वीवा विद्यापीठ" म्हणाले, लोक त्यालाही गर्जले. डोमितिलानं शाल सारखी केली, उठली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

यादिरा झरझर खाली आली. तिनं माद्रिनाचं कोपर धरलं, हलकेच, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला धरतात तसं.

"माद्रिना, वेळ संपली. बँड सुरू होतोय."

"माझी वेळ?"

"पुढच्या वर्षी बघू. प्लीज. सगळे बघतायत."

वरून कॉन्सुल हसून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं म्हातारी अभिनंदनाला आली. यादिरानं डोळ्यानं खूण केली आणि तुताऱ्या सुरू झाल्या. डोमितिला खुर्चीपाशी परत आली, पण बसली नाही. माइक नव्हता. तिनं उभ्याउभ्याच म्हटलं, "वीवा लासारो आरेगीन."

तुताऱ्यांखाली ते दबलं. मागं उभ्या असलेल्या खानावळीतल्या बायांपर्यंत पोचलंच नाही. पण निएवेस हातभर अंतरावर होती. तिचे ओठ उघडले. डोमितिलानं ते पाहिलं. आणि मग निएवेसनं ते मिटले, आणि मांडीवरच्या कागदी पंख्याकडं बघायला लागली.

ग्रितोला उत्तर विचार न करता येतं. निएवेसनं विचार केला होता.

डोमितिला खाली बसली. नाचाला मुली आल्या, घागरे उघडले, मिटले. टाळ्या पडत होत्या.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

"बाई, आधी तो नाच तर बघ."

"नाच मी शिवलाय. तू बोल."

निएवेसनं पंखा घडी केला. "त्या देणगीवाल्यांनी गेल्या वर्षी विचारलं होतं, हा लासारो कोण म्हणून. कुणीतरी सांगितलं. मग त्यांचं म्हणणं पडलं, की आमच्या बापाच्या दारात दर वर्षी त्या गवंड्याचं नाव... तूच सांग, कसं दिसतं ते."

"कसं दिसतं?"

"मीटिंग झाली. खानावळीतर्फे मीही होते. यादिराला त्यांनी सरळ विचारलं, हे नाव थांबवणं जमेल का तुम्हाला. तिचं पहिलं वर्ष आहे, डोमि. एक चूक झाली की घरी. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"मग? तुझी खुर्ची रिकामी दिसली असती. लोकांनी तिलाच विचारलं असतं."

म्हणजे नाव नको होतं, पण म्हातारी हवी होती, वेणीत फीत घालून पुढच्या रांगेत. सकाळी ही बाई आपल्या मागं बसून केस विंचरत होती तेव्हाही तिला हे माहीत होतं, उकडतंय म्हणताना माहीत होतं. तोंडाला पानं पुसणारे जन्मभर कमी भेटले नव्हते, शेतमालक, कंत्राटदार, कचेऱ्यांतले साहेब. त्यांच्याशी कसं वागायचं ते आईनं शिकवलं होतं. कोमाद्रेशी कसं वागायचं, ते शिकवायची गरज आईला कधी वाटली नव्हती.

"लासारो तुझ्या लग्नात नाचला होता," डोमितिला म्हणाली.

"माझ्या लक्षात आहे."

"मला वाटलं, विसरलीस. विसरली असतीस तर बरं झालं असतं."

निएवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. डोमितिलानं नेहमीच्या सवयीनं शालीचं टोक पुढं केलं नाही. वेणीतली फीत सोडून तिनं ती निएवेसच्या मांडीवर ठेवली आणि घरी गेली.

सोमवारी यादिरा शिवणखोलीत आली. हातात मखमली डबी होती, डबीत काचेचं सन्मानचिन्ह. काचेत कोरलेलं, डोमितिला आरेगीन, दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक.

"अध्यक्षांच्या हस्ते द्यायचं होतं, माद्रिना. तुम्ही लवकर निघून गेलात. बघा, तुमचं नाव घातलंय. नव्या वाचनकक्षात लावणारेत, कायमचं."

डोमितिलानं काच उजेडाकडं धरून पाहिली. "माझं कशाला? मी जिवंत आहे."

यादिरा पुतळ्याला टेकली. एकदम लहान दिसायला लागली. "मला वाटलं होतं तुम्ही समजून घ्याल. मी त्या खुर्चीत बसले म्हणून आपल्यातल्या किती मुलींना इथं जागा मिळेल, विचार करा. एका नावासाठी सगळं घालवू?"

"खरं सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, जाऊ दे यंदा. तू मान वाकवलीस माझ्यापुढं. मी कपाळावर क्रूस काढला. तो कशावर काढला मी?"

बाहेर वर्ग सुटला होता, बोळात पावलं वाजत होती, कुणीतरी हसत होतं.

"घे त्याचं नाव," डोमितिला म्हणाली. "तू त्याला मामा म्हणाली असतीस, जन्मली नव्हतीस म्हणून राहिलं. एकदा घे. इथं तुझे देणगीवाले नाहीत."

यादिरानं बोळाकडं पाहिलं. दोन प्राध्यापक बोलत उभे होते. ती दारापाशी गेली आणि तिनं दार लोटलं, कडी नीट बसली का ते हातानं चाचपलं. मग वळून, डोळे भरून, अगदी स्पष्ट म्हणाली, "वीवा लासारो आरेगीन."

आवाज चांगला होता. माद्रिनाचाच आवाज म्हणावा असा.

डोमितिलानं लावलेल्या कडीकडं पाहिलं आणि 'वीवा' म्हटलं नाही. यादिरा उत्तराची वाट बघत थांबली, मग डबी टेबलावर ठेवून, दार उघडून निघून गेली. जाताना तिनं आशीर्वाद मागितला नाही, आणि डोमितिलानंही तिला हाक मारली नाही.