जात्याचा खुंटा आणि साहेबाची तुळई

जात्याचा खुंटा मोडला, म्हणून मी घराची खुंटी उपटली. हसा! मीही हसते... आज. तेव्हा अठरा वर्षांची होते, चौथी पास, आणि जगातली सगळ्यात हुशार सून आपणच, असा पक्का समज. भुतांचं नाव काढलं की मी नाक मुरडायची. अंगारे-धुपारे आजही मानत नाही. तरी हे सांगते.

इंग्रज अजून होते, आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. परतवाड्यापासून कोसभर, मेळघाटच्या वाटेवर एका साहेबानं आपल्या विलायतेतल्या शेतघरासारखं घर उठवलं होतं. आधी सागवानाचा नुसता सांगाडा – खांब, तुळया, कोपऱ्यांत तिरपे टेकू. मग मधले चौकोन बांबूच्या कुडानं भरून वर शेणमातीचा गिलावा नि चुना. म्हणजे आमच्या गोठ्याचीच भिंत, फक्त साहेबी थाटाची! छप्पर इतकं उभं, जणू परतवाड्यात बर्फ पडणार होता. लोखंडी खिळा एकही नाही. प्रत्येक सांध्यात आरपार लाकडी खुंटी ठोकलेली, टोक चार बोटं बाहेर. साहेब मायदेशी गेला, तिकडेच वारला. त्याला भाजी पुरवणारे आमचे मामंजी घर राखायला तिथं राहिले, म्हणून आम्हीही.

मला वाटलं, खुंट्या टोप्या अडकवायला असतील. मागून वरवंट्यानं ठोकून एक काढली, जात्यात बसवली. अगदी मापात!

"खुंटा कोठून आनला वं?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडला, आत्याबाई."

"सापडला! उद्या म्हैस सापडन तुले."

चार-सहा दिवसांनी, वैशाखातली दुपार. घरचे सगळे नाल्याकाठी वांगी तोडायला गेलेले. माझी चार महिन्यांची सुमी आत पाळण्यात – आणि पाळणा त्याच तुळईला, जिची खुंटी मी काढली होती. वावटळ उठली म्हणून अंगणातल्या मिरच्या गोळा करायला मी बाहेर धावले. घर करकरलं. दार धाडकन लागलं, चौकट तिरपी झाली आणि ते तिच्यात गच्च रुतलं.

खिडकीला लाकडी गज. त्यांतून पाहिलं – तुळईचं टोक खांबातून सुटत होतं. एक बोट... दोन बोटं... खाली पाळणा. तेव्हा कळलं, मी काय काढलं होतं ते. दारावर खांदा आपटला. नखांनी कूड उकरला, नखं तुटली. हाका मारल्या, वाऱ्यात विरल्या. पडवीतल्या जात्याचा खुंटा उपटून खिडकीशी आले – तो बाहेरून कसा बसवणार होते, देव जाणे! "मले ने, तिले सोड," म्हणत होते. कोणाला, तेही ठाऊक नाही.

आतून आवाज आला. ठक... ठक... ठक. लाकडी हातोड्याचा, अगदी निवांत. तुळई करकरत खांबात परत गेली. दार सैल झालं.

आत कोणी नव्हतं. सुमी झोपलेली. भोकात खुंटी होती – फिकट, नवी. आणि माझी? माझ्याच मुठीत.

संध्याकाळी मामंजींनी तुळशीराम मिस्त्रींना आणलं. हे घर उभारताना ते साहेबाच्या हाताखाली होते. त्यांनी खुंटी नखानं खरवडली, हुंगली. सागवान नाही, बाभूळ नाही. असलं लाकूड त्यांनी जन्मात एकदाच पाहिलं होतं – साहेबाच्या हातोडा-पटाशीच्या विलायती पेटीचं.

सुमीची लेक आता इंजिनिअर आहे. ती म्हणते, "आजी, वाऱ्यानंच तुळई मागे सरकली असेल." बरं, आणि खुंटी? ती काय वाऱ्यानं तासली?

त्या संध्याकाळी मी पाळणा सोडत होते, तर मिस्त्रींनी माझा हात धरला नि म्हणाले,

"राहू दे पोरी, पाळना तेथंच राहू दे. ज्यानं तुळई धरली, त्याले मालूम हाये खाली लेकरू झोपते म्हनून."