ट्रॅपेझियस, दहा वेळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मग मला मध्येच थांबवू नका. मी एकदा आठ दिवसांत मरणार होतो. तारीख मीच ठरवली होती. तीही सुवाच्य अक्षरात लिहून!

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो, मी लूमवर मास्तर होतो. शाळा चौथीत सुटली, पण डायरी सुटली नाही. रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालायची, मांडीवर वही, मान खाली आणि दोन तास लिखाण. नवा शब्द भेटला की तो दहा वेळा लिहायचा. मला जे काही येतं, ते असं दहा-दहा वेळा लिहूनच आलंय.

त्या वर्षी मान धरली. उजवा खांदा असा दुखायचा की सदऱ्यात हात घालताना देव आठवायचा. शेवटी सुमन मला डॉक्टरकडे घेऊन गेली. सुमन म्हणजे आमची मंडळी. डॉक्टर गुजराती. त्यांनी मान दाबली, खांदा फिरवला, घरी काय काय करता ते विचारलं, चिठ्ठी लिहिली आणि हसून म्हणाले, "कांई नथी, काका. आराम करो. बहेनने अंदर मोकलो." म्हणजे काही नाही, आणि सुमनला आत पाठवा.

झालं! मी तिथेच मनात तिरडी बांधली.

का म्हणजे? अहो, आमच्या खानदेशात मोठा आजार रोग्याला कधी सांगतात का? तो घरच्यांना सांगायचा आणि रोग्याला म्हणायचं, "काही नाही." माझ्या सासऱ्यांच्या उशाशी बसून मीच म्हणालो होतो, "काही नाही मामा, नुसता वात आहे." महिन्याभरात मामा गेले. तेव्हा 'काही नाही' म्हणजे किती असतं, हे मला कोण शिकवणार?

सुमन बाहेर आली ती तोंडाला पदर लावून.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

बघा! एका दिवसात दोनदा!

चिठ्ठीवर दोन शब्द होते : सर्व्हायकल आणि ट्रॅपेझियस. मी रद्दीवाल्याकडून नर्सिंगचं एक जुनं पुस्तक मिळवलं आणि बसलो अभ्यासाला. मानेत मणके सात. जिराफाच्याही मानेत सातच! सर्व्हायकल म्हणजे या मानेचं. ट्रॅपेझियस म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत आणि तिथून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू, अगदी उत्तरायणातल्या पतंगासारखा. त्याच्या शेजारी लेव्हेटर स्कॅप्युली, खांद्याचं पातं वर उचलणारा. पातं म्हणजे स्कॅप्युला, गळ्याखालची हसळी म्हणजे क्लॅव्हिकल. सगळे शब्द दहा-दहा वेळा लिहिले. दुखणं वाढलं. वाढलं म्हणून तेही लिहिलं. आणखी वाढलं! दोन तासांचे चार तास झाले. रोग चढतोय, याचा असा लेखी पुरावा कुणाकडे असतो?

त्यात घरात सगळंच संशयास्पद. सुमन भांडेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा! चौथ्या दिवशी तर हातात टेप घेऊन आली.

"जरा मांडी घालून बसा. सदऱ्याचं माप घेते."

आणि माप कुठलं घेतलं? जमिनीपासून कोपरापर्यंत! सदऱ्यासाठी कुणी जमीन मोजतं का?

मग आला भिकन, माझा मेहुणा. कडोदऱ्याला राहतो. मी मोरीत अंघोळ करत होतो, हे दोघं ओट्यावर. घरात आमची बोली अहिराणी. मी तांब्या तसाच धरून कान दिला.

"लाकूडनं काम व्हई गयं, ताई," भिकन म्हणाला. "रविवारे लई येसू."

"त्यासले समजू देऊ नको," सुमन म्हणाली.

लाकूड. रविवारी. मला कळू द्यायचं नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी हिशेबी माणूस नाही, पण नीटनेटका आहे. मरायचं तर मन स्वच्छ करून मरावं. शनिवारी वर उद्याची तारीख घालून अकरा पानं लिहिली. मान मोडत होती, पण लिहिली. त्यात दोन कबुल्या होत्या. पहिली : 'सुमन, तुझी शेवभाजी मला कधीच आवडली नाही. तेल फार, तिखट त्याहून फार.' दुसरी : 'भिकन, तुझी सायकल शेजारच्याने चोरली नव्हती. ती मी तापीच्या काठी विसरून आलो. त्या बिचाऱ्याशी बोलायला लाग.'

रविवारी अंघोळ करून पांढरा सदरा घातला, वही उशाशी उघडी ठेवली आणि डोळे मिटून पडलो. बाहेर हातगाडी थांबली. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उचलून भिकन आत आला. धप्प!

"दाजी, उठा."

"उठू? मला वाटलं, तुम्हीच उचलाल," मी क्षीण आवाजात म्हणालो.

त्याने चादर ओढली. खाली होतं एक बुटकं, उताराचं, छान रंधलेलं टेबल. जमिनीवर बसून लिहिण्याचं.

"डॉक्टर म्हणाले, यांची मान लिहून लिहून गेली आहे," सुमन सांगू लागली. "वही कोपराच्या उंचीवर आणा. पण टेबल आणू म्हटलं की तुम्ही दरवेळी नाही म्हणता. साहेबलोकांची थेरं म्हणता! म्हणून न सांगता करून घेतलं. चार दिवस हा सुताराच्या दुकानात उभा राहून लाकूड रंधतोय!"

मी आनंदाने रडणार, तेवढ्यात भिकनने उंची बरोबर आहे का पाहायला उशाशी पडलेली वही उचलून टेबलावर ठेवली. उघडी होती तशीच. त्याला स्वतःचं नाव दिसलं.

"दाजी," तो सावकाश म्हणाला, "मन्ही सायकल?"

सुमनने टेबलावरची वही उचलली आणि वरचा परिच्छेद वाचला. मग वही मिटून ती स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहायला बंदी केली. पण डायरीत खाडा पडू नये, म्हणून ते पंधरा दिवस ती सुमनने लिहिली. नव्या टेबलावर, ताठ बसून. पंधराही पानांवर एकच मजकूर आहे, कधीही येऊन बघा :

'आज ह्यांना काही नाही. शेवभाजी केली. दोनदा वाढली. मुकाट्याने खाल्ली.'