दोघींनी वेगवेगळं वाचायचं

ये, अशी जवळ सरक. तिकडे ओझरला फोन कानाला लावून बसल्या बसल्याच सरक, मला चालेल. रागावत नाही मी, पण काल घरच्या ग्रुपवर ‘संशोधन सांगतं’ म्हणून तू जे टाकलंस ना, ते कुठलं गं संशोधन? एकाच अभ्यासाचा कागद, आणि तोही अर्धा वाचलेला. मावशीला आधी विचारायचंस. मावशी दहावीपर्यंतच शिकली असेल, पण असल्या कागदांच्या राशीत तिनं अख्खं वर्ष काढलंय.

त्याचं असं झालं. माझी सून फिजिओथेरपिस्ट, हे तुला माहीत आहे. पुढच्या पदवीसाठी तिनं विषय घेतला होता, दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायकांची पाठ व्यायामानं कमी दुखते का? त्यासाठी नवीन प्रयोग नव्हता करायचा. जगात कुठेकुठे आधीच झालेले अभ्यास शोधायचे, कुठले घ्यायचे याचे नियम आधी लिहून ठेवायचे आणि त्या नियमांनी एकेक निवडायचा. याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. मग निवडलेल्यांचे आकडे एकत्र करून एकच उत्तर काढायचं, ते मेटा-अ‍ॅनालिसिस. आणि मुख्य नियम असा, की निवड दोघांनी करायची. एकमेकांचं न बघता.

तिच्याबरोबर जी मैत्रीण वाचणार होती तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सून हिरमुसून बसली. मी म्हटलं, मी वाचू का? ती हसली. पण माझं इंग्रजी तिला ठाऊक होतं. मुलाला शाळेत घातलं तेव्हा त्याच्या पुस्तकांवर मीही शिकले, आणि पुढे डिक्शनरी मांडीवर घेऊन इतकी वर्षं इंग्रजी पेपर वाचला. तिच्या गाईड मॅडमनी मला सरावाला थोडे कागद दिले, माझी उत्तरं तपासली आणि म्हणाल्या, चालेल, नियम पाळले म्हणजे झालं.

मग काय, दुपारी नातू झोपला की मी गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसायची. काय सांगू तुला त्या दुपारी! पडदा हलायचा, खालून भंगारवाल्याची हाळी यायची नि विरून जायची. समोर कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका. कुणी मासळी निवडणाऱ्या, कुणी केस कापणाऱ्या, कुणी गिरणीत धाग्यांपुढे उभ्या. कागदात त्यांची नावं नसतात, नुसता गट असतो. मी मनातल्या मनात एकेकीला साडी नेसवायची. डोळा लागला की त्या सगळ्या पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये माझ्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या. मी तिथं सहा सीझन द्राक्षं निवडली आहेत ना. द्राक्षं गार करायच्या, प्रीकूलिंगच्या खोलीचं दार उघडलं की पायांवरून गारवा सरकायचा, बोटांवर द्राक्षांची ती पांढरी, भुकटीसारखी लव चढायची, आणि आम्ही सगळ्याजणी न बोलता कात्री चालवत असायचो. जागी झाले की स्क्रीन काळी झालेली असायची.

एकेका कागदापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. फाईल एकच होती, माझा रकाना नि सुनेचा रकाना शेजारी शेजारी. तिथंच घोळ झाला. मी दुपारी भरायची, ती कॉलेजहून आल्यावर.

सगळं भरून झालं आणि मॅडमनी फाईल उघडली. सुनेला बोलावून विचारलं, दोघींचं एकदाही वेगळं मत पडलं नाही? इतके कागद आणि एकही मतभेद नाही? असं कधीच होत नसतं, हे मी पुढे पाठवणार नाही. बाळंतपणात सुनेनं एकदा मुदत वाढवून घेतली होती. आता हे हुकलं असतं तर इतक्या वर्षांचं शिक्षण तिथंच राहिलं असतं.

घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्यापाशी लसूण सोलत बसली, सोलतेय नि सोलतेय, वाटी भरली तरी हात थांबेना. मी विचारलं, झालं काय? मग मान खाली घालून म्हणाली, “आई, तुम्ही ‘हो’ लिहिलं असताना मी शेजारी ‘नाही’ कसं लिहू?”

सात वर्षं या घरात आहे ही मुलगी. चहात साखर जास्त झाली तरी पिते, पडद्यांचा रंग मी म्हणेन तो. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमच्यात कधी वाद म्हणून नाही.

मॅडमनी तीन आठवडे दिले, पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला. या वेळी दोन फाईली. ती कॉलेजच्या लायब्ररीत वाचायची, मी गॅलरीत. घरात त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जेवताना आम्ही नातवाच्या दातांबद्दल बोलायचो.

आणि मग दोन्ही फाईली शेजारी ठेवल्या तर काय, जागोजागी वेगळं! मी व्यायामाची बाजू घेणाऱ्या दिसेल त्या कागदाला ‘हो’ म्हणून ठेवलेलं. जिथं मत वेगळं, त्या कागदांवर दोघींनी बोलायचं, पटलं नाही तर मॅडमना विचारायचं. पहिलाच कागद माझा लाडका होता. फळं निवडणाऱ्या बायकांचा. सून जरा चाचरत म्हणाली, “हा घेता येणार नाही, आई. तुलनेला व्यायाम न करणारा दुसरा गट नाहीये यात.”

मी चिडले गं. म्हटलं, “अगं, त्यांची पाठ दुखायची थांबली असं स्वच्छ लिहिलंय की.”

“थांबली असेल. पण व्यायामानं थांबली की सीझन संपला म्हणून थांबली, हे यावरून कळत नाही.”

माझी पाठ दर वर्षी चैत्रात आपोआप बरी व्हायची. पॅकहाऊस बंद झालं की आठवडाभरात. मी त्याचं श्रेय कधी तेलाला दिलं, कधी देवाला, कधी टीव्हीवरच्या आसनांना. कागदातल्या त्या बायका एकेक करून कात्र्या खाली ठेवून निघून जाताना मला दिसल्या. मी म्हटलं, “काढ तो.”

पुढे आम्ही दिवसभर भांडलो म्हण ना! काही तिचे पटले, एकदोन माझेही राहिले. तीन कागदांवर मॅडमना फोन करावा लागला.

शेवटी आकड्यांचं चित्र आलं. प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ, मधे छोटा चौकोन, आणि सगळ्यांच्या खाली पत्त्यांतल्या चौकटसारखा एक हिरा, म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर. मधोमध ‘काही फरक नाही’ सांगणारी एक उभी रेघ असते, तिला हिरा शिवला की खात्रीनं काही सांगता येत नाही. आमचा शिवला. जरासाच, पण शिवला. माझा जीव हळहळला. सून मात्र म्हणाली, असू दे, आहे तसंच लिहायचं. तसंच लिहिलं, आणि ते मान्य झालं. नावापुढे नवीन अक्षरं लागली तिच्या.

आता ती मला सरळ सांगते, आमटी खारट झालीय. परवा पडद्यांवरून तर दुकानातच वाजलं आमचं, दुकानदार बिचारा गठ्ठे उलगडत बसला. मी हट्टानं माझेच घेतले नि घरी आल्यावर वाटलं, तिचेच बरे होते. अजून बदलून आणायचेत.

तर तू ये, तो तुझा कागद घेऊन. रविवारी ये, सून घरी असते. ओझर म्हणजे काही परदेश नाही. राहायलाच ये दोन दिवस, पण लवकर ये गं.