माजीसांच्या ओट्यावर माझा कुत्रा

माझा कुत्रा केवढा होता म्हणून सांगू? धडगावहून बदली झालेल्या जंगलखात्यातल्या एका साहेबाने तो मला दिला. त्याला आणायला मी बैलगाडी घेऊन गेलो आणि येताना गाडी त्यानेच ओढली, असं मी तरी सगळ्यांना सांगत आलोय. तो भुंकला की तापीपलीकडची गुरं दावी तोडत. असा हा गडी दहाव्या वर्षी मागच्या पायांनी अडला. थंडीच्या दिवसांत सकाळी उठायला गेला की पुढचं धड उभं, मागचं जमिनीवरच. कण्हायचा तर असा की घरात घास उतरत नसे.

आणि अशात तो मला सोडून गेला. लांब नाही, समोरच. मारवाडी शेठच्या दुकानाच्या ओट्यावर.

तिथे शेठच्या म्हाताऱ्या आई बसत. सगळं गाव त्यांना माजीसा म्हणे. त्यांचेही गुडघे धरलेले. ऊन ओट्यावर आलं की त्या शेगडीवर कढईत वाळू तापवीत, फडक्यात पुरचुंडी बांधीत, स्वतःचे गुडघे शेकीत आणि उरलेली सगळी ऊब माझ्या कुत्र्याच्या कमरेला! तोही सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर डोळे मिटून असा पसरे, जसा त्याच घरात जन्मला.

मी आमच्या दारातून नुसता बघत जळायचो. त्यात बायकोचा टोमणा: "तुमना कुत्रा शेठना घर नांदाले गया. आते रुखवत धाडा!"

मी त्याला तूप चोपडलेल्या भाकरी दाखवल्या. तो यायचा, पाच भाकरी हाणायचा आणि लंगडत परत ओट्यावर. पोट वाढलं, पाय आणखी वाकले.

मग म्हटलं, आता पुरचुंडीला पुरचुंडी! आणि माझी त्यांच्यापेक्षा गरम. वाळू कुठली घ्यावी? आमच्या पथारीवरची, म्हणजे ज्या मोकळ्या जागेत महिनाभर मिरची वाळत होती तिथली. त्या जागेवर आमच्याकडे कोंबडीसुद्धा पाय ठेवत नाही. पण मी तेव्हा माणसात नव्हतो.

कढई तापली तसा आधी मी शिंकलो, मग बायको, मग अख्खी गल्ली. मोलगीच्या बाजाराला निघालेली माणसं म्हणे शिंकतच घाट चढली. पुरचुंडी कुत्र्याला टेकली मात्र, वर्षभर न धावलेलं ते जनावर सुटलं ते थेट माजीसांच्या पदराखाली!

"पळाला की नाही?" मी मागून ओरडलो. "माझा इलाज!"

माजीसा हसल्या नाहीत. त्यांनी त्याची कंबर ताकाने धुतली, पुसली आणि मला शेजारी बसवलं. स्वतःची पुरचुंडी आधी माझ्या मनगटावर ठेवली.

"एवढीच गरम, भाया. तुला सोसेल तेवढी त्याला. आणि चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. ते तूप बंद कर. त्या दोन पायांनी किती ओझं उचलायचं?"

दुसऱ्या दिवसापासून मी ओट्यावर हजर. भाकरी अर्धीच. पंधरा दिवसांनी तो कमरेला पंच्याचा झोळ दिला की उठू लागला, पुढे पुढे तर विहिरीपर्यंत जाऊन येऊ लागला. गावाला मी सांगितलं, सातपुडा चढून आला.

पण खरं सांगायचं तर वाटणी तशीच राहिली. शेकताना डोकं माजीसांच्या मांडीवर, मागचे पाय माझ्या. त्या काही बोलल्या की त्याची शेपटी हलायची, आणि फटके माझ्या तोंडावर बसायचे.