टी रूमसमोरचे तीन हॉर्न

तंबूत राहायला जाणाऱ्या माणसाने चहाची सोय आधी बघावी, एवढी अक्कल मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी आली.

तंबूची कल्पना आमच्या सईची. अबू धाबीत, रीम आयलंडच्या बाविसाव्या मजल्यावर वाढलेली ही एकुलती एक लेक आता तीन वर्षं इंग्लंडात शिकायला राहणार होती. तिला कॉलेजात सोडण्याआधी तिघांनी चार दिवस तिथल्या एका खेड्यातल्या कॅम्पसाइटवर काढायचे, असं तिने ठरवलं. मी म्हटलं, "वा! कॅम्पिंग काय आपल्याला नवीन आहे?" आमचं कॅम्पिंग म्हणजे वाळवंटात सहा गाड्या, जनरेटर, बिर्याणीचा टोप आणि घसा बसेपर्यंत गाणी. इथे फाटकावरच पाटी होती: शेकोटी नाही, गाणी नाही, दहानंतर आवाज नाही. शेजारी मेंढ्या होत्या. त्यासुद्धा दबक्या आवाजात बोलत होत्या!

सई खुशीत होती. मला मात्र एकच घोर. एवढ्या मोठ्या देशात माझ्या पोरीला ओळखणारं एक माणूस नाही! उद्या ताप आला, तर तिने कोणाचं दार ठोठावायचं? अर्थात, हे मी बोलून दाखवलं नाही. (माझी बायको वृषाली म्हणते, दर दहा मिनिटांनी दाखवत होतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूतली शेगडी काही केल्या पेटेना. चहा नाही म्हटल्यावर वृषालीचं डोकं चढलं. मग गाडी काढून गावात गेलो. चर्चसमोर एक टी रूम दिसली, खिडकीत फुलाफुलांची किटली. मी गाडी बरोब्बर दारात लावली आणि अबू धाबीत वीस वर्षं रोज करतो तेच केलं. दोनदा हॉर्न वाजवला. (आमच्याकडे चहासाठी गाडीतून उतरतो कोण? कॅफेटेरियासमोर हॉर्न दिला की मल्याळी भाऊ काचेपाशी हजर. तीन बोटं दाखवायची, तीन कडक चहा हातात!) इथे कोणी आलं नाही. "बिझी असतील," म्हणत मी तिसरा दिला. चांगला लांबलचक.

"बाबा! व्हॉट आर यू डूइंग?" म्हणत सई सीटखाली शिरली.

गल्लीतली सगळी दारं उघडली. एक आजोबा झोपायच्या कपड्यांतच, हातात टोस्ट घेऊन धावत आले. "काय झालं? कोणी आजारी आहे का?"

आता त्या भल्या माणसाला 'तीन चहा' कसं सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "येस! माय वाइफ! हेड!"

"अहो!" वृषाली कडाडली.

"अगं, जरा मान टाक," मी मराठीत पुटपुटलो. "इज्जतीचा सवाल आहे."

आजोबा टोस्टसकट पळत सुटले आणि त्यांनी मॉरीन नावाच्या रिटायर्ड नर्सबाईंना आमच्याकडे पिटाळलं. कोणी खुर्ची आणली, कोणी शाल. मॉरीनबाईंनी वृषालीची नाडी धरली, तर ती सुसाट! (संतापाने. त्या वेगाशी माझी जुनी ओळख आहे.)

"अँब्युलन्स बोलवते," त्या म्हणाल्या.

"खलास!" मी म्हणालो.

तेव्हा सई गाडीतून उतरली. लालबुंद झाली होती, पण आवाज ठाम. "शी इज नॉट इल. ही जस्ट वॉन्टेड टी. बॅक होम, वी हॉर्न फॉर टी. आय ॲम सो सॉरी."

मला वाटलं, जाऊन मेंढ्यांत बसावं. मॉरीनबाईंनी वृषालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग अशा हसत सुटल्या की त्या खुर्चीवर त्यांनाच बसवावं लागलं. "टी रूम दहाला उघडते," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तोवर माझ्याकडे चला."

त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा प्यायलो. (पाणचट होता. पण जन्मात असा चहा प्यायलो नाही!) सईचं कॉलेज तिथून बसने चाळीस मिनिटांवर, हे कळल्यावर त्यांनी तिचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवला. म्हणाल्या, "ताप येऊ दे, कंटाळा येऊ दे, सरळ इथे यायचं. दाराला बेल आहे हं!"

मला रडूच फुटलं. सगळ्यांसमोर, अगदी आवाज काढून. "बाबा, स्टॉप," सई म्हणाली, पण माझा हात तिने सोडला नाही.

आता ती महिन्यातून एका रविवारी तिकडे जेवायला जाते. परवा फोनवर सांगत होती, खरा प्रकार बाहेर पडायच्या आतच ते टोस्टवाले आजोबा पुढच्या गल्लीत खबर द्यायला गेले होते. त्यांना खरं सांगणं सगळ्यांच्याच जिवावर आलं; नाव-गाव तेवढं मॉरीनबाईंनी पुरवलं. त्यामुळे चर्चमध्ये दर रविवारी 'अबू धाबीच्या वृषाली'ला आराम पडावा म्हणून प्रार्थना होते. वृषाली ठणठणीत आहे. ऑफिसातून आल्यावर लेकीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसणारा, ताटात नुसता भात चिवडणारा माणूस वेगळाच आहे.

मी सईला म्हटलं, "त्या आजोबांना सांग, प्रार्थना अजिबात थांबवू नका. पेशंटचं नाव तेवढं बदला."